म्युनिकला बिऱ्हाड थाटताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मकरपुऱ्यातल्या कंपनीतून मुलाची म्युनिकला बदली झाली आहे. सून आणि दोन नातवंडे बरोबर जातील. इंग्रजी सगळ्यांना उत्तम येते, जर्मन कुणालाच नाही. पोचल्यावर आधी कोणते काम करावे?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे

आधी पत्त्याची नोंदणी. तिला तिथे 'आनमेल्डुंग' म्हणतात आणि बाकीची सगळी कामे तिच्यावर अडतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असते. म्युनिकमध्ये हे काम 'ब्युर्गरब्युरो' या पालिकेच्या कार्यालयात होते. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, म्हणून घराची तारीख नक्की झाली की बडोद्यातूनच ती घेऊन ठेवा. मनासारखी वेळ दिसली नाही तर दिवसातून दोनतीनदा पाहत राहा. लोक रद्द करतात तशा जागा मोकळ्या होतात.

बरोबर सगळ्यांचे पासपोर्ट व व्हिसा, विवाहाचे नोंदणीपत्र, मुलांचे जन्मदाखले आणि घरमालकाच्या सहीचा, ही माणसे या तारखेपासून इथे राहायला आली असे सांगणारा दाखला हवा. घोडे बहुतेक वेळा या दाखल्यापाशीच अडते. भाडेकरार कितीही पक्का असला तरी त्याच्या जागी चालत नाही. सुरुवातीच्या महिना-दोन महिन्यांसाठी भाड्याने मिळणाऱ्या सजवलेल्या घरांचे मालक पुष्कळदा तो देत नाहीत. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारा : नोंदणीचा दाखला द्याल ना? नाही म्हणाले तर ते घर सोडा. जन्मदाखल्यावर बाळाचे नाव घातलेले आहे का, हेही आजच पाहा. जन्मल्याबरोबर काढलेल्या दाखल्यावर नावाची जागा पुष्कळदा कोरी असते. ती भरून घ्यायला इथे पालिकेत फेऱ्या घातलेल्या परवडल्या, तिथून ते जमणार नाही. दाखल्यांची जर्मन भाषांतरे शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

काउंटरवर इंग्रजी बोलणारी व्यक्ती भेटेलच असे नाही. कामकाजाची भाषा जर्मन. कंपनीतल्या एखाद्या जर्मन येणाऱ्या सहकाऱ्याला तासभर बरोबर न्यावे. हातात मिळालेल्या कागदावरचे प्रत्येक नाव तिथेच उभ्या उभ्या वाचा. गुजरातेतल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते, आणि पासपोर्टात काहींच्या आडनावाचा रकानाच रिकामा असतो. त्यामुळे वडिलांचे नाव आडनाव म्हणून चढलेले आढळते. पुढे बँक, विमा, शाळा सगळीकडे तेच नाव जाते.

त्याच दिवशी टपालपेटीवर, नोंदणीत आहे तेच आडनाव चिकटवा. तिथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो. पट्टी नसेल तर पत्र परत जाते. नेमका अकरा अंकी कर-क्रमांक टपालानेच, काही आठवड्यांनी येतो. तो मिळाला नाही तर कंपनी पगारातून सर्वांत चढ्या वर्गाने कर कापू शकते. जादा कापलेले नंतर परत मिळते, पण पहिल्या महिन्यांत, घराची अनामत भरायची असते तेव्हाच हात आखडतो. ही अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा कायद्याने हक्क आहे, हे मुलाला जरूर सांगा.

रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्र आले तर फसवणूक समजून फेकू नका. दर घरामागे महिना १८.३६ युरो द्यावेच लागतात, टीव्ही नसला तरी. नवराबायको दोघांनाही पत्र आले तर एकाने भरावे, दुसऱ्याने पहिल्याचा वर्गणी क्रमांक कळवावा.

मुलगी सहा वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. शाळा आणि पाळणाघर यांचे कसे करावे? इंग्रजी शाळाच बघावी का?
– एक आई, कारेलीबाग, बडोदे

सहा वर्षांच्या मुलीला 'ग्रुंडशूले' या सरकारी प्राथमिक शाळेत घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फी नाही, शाळा पत्त्यावरून ठरते, आणि या वयात मुले भाषा खेळता खेळता उचलतात. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, 'डॉइचक्लासे' नावाचे वेगळे वर्ग असतात. आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला हजारो युरो असते. कंपनी ती भरत असेल आणि दोनेक वर्षांत परतायचे नक्की असेल, तरच त्यांचा विचार करा. मूल तेरा-चौदा वर्षांचे असते तर आम्ही वेगळे सांगितले असते, कारण बव्हेरियात चौथीनंतरच शाळांच्या वाटा वेगळ्या होतात. ३० जूनपर्यंत सहा पूर्ण करणाऱ्या मुलाला त्याच सप्टेंबरात शाळेत जावे लागते. जुलै ते सप्टेंबरमध्ये पूर्ण करणाऱ्यांचे त्या वर्षी की पुढच्या, हे आईवडील ठरवू शकतात.

शाळा आणि पाळणाघर दोन्हीकडे गोवराच्या लशीचा पुरावा लागतो. १ मार्च २०२० पासून तो कायदाच आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाचे दोन डोस दिसले पाहिजेत. आपल्या ममता कार्डावर हाताने घातलेली तारीख आणि 'एमआर' (गोवर-रुबेला) एवढीच अक्षरे असतात, ती तिथे कुणाला कळत नाहीत. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक लशीचे पूर्ण इंग्रजी नाव व तारीख लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह लिहून आणा. मूळ कार्डही जवळ ठेवा.

पाळणाघराला 'किटा' म्हणतात. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाचा तो ऑगस्ट २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असला तरी जागा आपसूक मिळत नाही. म्युनिकच्या 'किटा फाइंडर' या ऑनलाइन व्यवस्थेत एकाच वेळी अनेक ठिकाणी नाव घाला. मुख्य वाटप सप्टेंबरसाठी, वसंतातच होते. तोवर 'टागेसमुटर', म्हणजे घरी चारपाच मुले सांभाळणारी परवानाधारक बाई, हा चांगला मार्ग आहे. जागा मिळाल्यावरही मूल दारात सोडून निघता येत नाही. पहिले दोन ते चार आठवडे आईने किंवा वडिलांनी बरोबर बसायचे, मग अर्धा तास बाहेर, मग तास, असे हळूहळू सुटायचे. तुमच्या नोकरीची तारीख त्याच आठवड्यात ठरवू नका.

रात्री मुलाला ताप भरला तर कुठे जायचे?
– तीच आई

जिवावरचे असेल तर ११२. ते तसे नाही पण सकाळपर्यंत थांबवत नाही असे असेल तर ११६११७, डॉक्टरांच्या अवेळच्या सेवेचा क्रमांक. या दोन्हींतला फरक घरात सगळ्यांना माहीत हवा. मुलांचा डॉक्टर मात्र मूल धडधाकट असतानाच शोधा. 'नवे पेशंट घेत नाही' असे पुष्कळ ठिकाणी ऐकावे लागते. मग विमा कंपनीला किंवा ११६११७ लाच वेळ मिळवून द्यायला सांगा. सरकारी विम्यात बिनकमाईचा जोडीदार आणि मुले जादा हप्त्याशिवाय येतात. मुलाची दोन वर्षांच्या सुमाराची नियमित तपासणीही त्यातच होते.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही, आणि साध्या तापाला डॉक्टर पुष्कळदा देतही नाहीत. याने घाबरू नका. एका गोष्टीला मात्र जपा. इथले पॅरासिटामॉल सिरप पाच मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅमचे असते. तिथले सहसा पाच मिलीत २०० चे. सवयीने तेवढाच चमचा भरला तर डोस चुकतो. मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिलिग्रॅम द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाटलीवरचा आकडा पाहून मिली काढा.

नातवाला भेटायला जाताना बरोबर काय नेऊ?
– एक आजी, मांजलपूर, बडोदे

लिलो चिवडा, भाकरवडी, गोडा मसाला, मेतकूट खुशाल न्या. तूप, पेढे, चक्का नको. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. केसर आंबा आणि ताजा कढीपत्ताही रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय अडवतात, नारळ चालतो. रोजची औषधे फार तर तीन महिन्यांची, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. व्हिसासाठी प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण जुन्या मधुमेह-रक्तदाबाला तो सहसा लागू होत नाही. पॉलिसी घेण्यापूर्वी ते कलम मुलाकडून वाचून घ्या, आणि राहणे १८० दिवसांत ९० दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका.

इथले ड्रायव्हिंग लायसन्स चालेल का? आणि मुलांसाठी सरकारी पैसे मिळतात म्हणे?
– एक वाचक, अलकापुरी, बडोदे

लायसन्स तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालते, जर्मन भाषांतर जवळ ठेवून. पुढे लेखी व प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. पैशांचे खरे आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना, ज्याच्याकडे आहे त्याला 'किंडरगेल्ड' मिळते, २०२६ पासून दर मुलामागे महिना २५९ युरो. आईवडील आणि मुले सगळ्यांचे कर-क्रमांक हातात आले की लगेच अर्ज टाका. मागची रक्कम फक्त सहा महिन्यांपर्यंतचीच देतात.