उपकार फेडण्याची घाई

मुलांना शाळेबाहेर शिकवण्याचा निर्णय पूर्ण विचाराअंती घेतलेले पालकही एका प्रश्नापाशी हमखास अडखळतात: "लोक आमच्या मुलांना काहीही न घेता शिकवतात, त्यांचे उपकार फेडायचे कसे?" ही चिंता माझ्या कानांवर सतत येते, म्हणून एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडत आहे.

मुलगी बारा वर्षांची. शाळा सोडल्यावर ती पुस्तकबांधणीच्या व्यवसायातून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे जाऊ लागली. ते पैसे घेत नसत. वडिलांना अवघडल्यासारखे झाले, म्हणून त्यांनी दरमहा पाकीट देण्यास सुरुवात केली आणि बांधून झालेल्या प्रत्येक पुस्तकामागे मुलीला बक्षीसही जाहीर केले. पुढे मुलगी तिकडे जाण्याची टाळाटाळ करू लागली.

"हिच्यात चिकाटीच नाही," वडील म्हणाले.

मी मुलीला विचारले, "आजोबांकडे आधी काय व्हायचे आणि आता काय होते?"

"आधी टाका चुकला की ते म्हणायचे, उसव आणि पुन्हा घाल. आता माझ्या हातातली सुई घेतात आणि स्वतःच टाका घालतात. बाबांना पुस्तक नीट दिसायला हवे ना!"

वडील निरुत्तर झाले. त्या दिवशी मी काहीच समजावले नाही. पाकीट देताना मनात नेमके काय होते, एवढाच प्रश्न त्यांच्यासोबत घरी पाठवला. पुढच्या भेटीत त्यांनी प्रांजळपणे सांगितले, "पैसे दिले की प्रगती विचारण्याचा हक्क मिळतो. तो नसेल, तर शाळा सोडवण्याचा निर्णय बरोबर होता हे मला कळणार कसे?"

माझ्या मते साऱ्या गुंत्याची गाठ येथेच होती. उपकाराचे ओझे हे वरवरचे कारण होते. आत होती ती निर्णयाविषयीची धास्ती, आणि तिने आजोबांच्या देण्याला शिकवणीचे रूप दिले होते. मुलीला मिळत होती ती चुका करण्याची सवड, आणि नेमकी तीच त्या पाकिटाने हिरावली. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी 1925 मध्ये दाखवून दिले की देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे ही तिन्ही माणसांना बांधणारी कर्तव्ये आहेत. त्यामुळे वडिलांना वाटणारे ऋण खरेच होते, परंतु ते तत्काळ चुकते करण्याच्या घाईत नातेच हिशेबात बसवले गेले.

बक्षिसाबाबतही मी आग्रही आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या 1973 मधील प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालकांपैकी ज्यांना बक्षीस आधी कबूल केले होते, ती नंतर आपणहून चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांच्या बाबतीत तशी घट दिसली नाही.

पाकीट आणि बक्षीस दोन्ही थांबले. वडिलांनी आजोबांनाच विचारले, "आम्ही काय करू?" आजोबांनी सांगितले की मुलीने आणखी एका लहान मुलाला टाके शिकवावेत. ती आता ते करते, आणि त्याच्या हातातली सुई घेत नाही, असे तिने मला आवर्जून सांगितले.

अर्थात, शिकवण्यावरच ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांना मोबदला दिलाच पाहिजे, आणि तोही घासाघीस न करता. इतरांबाबत मात्र पालकांनी कृतज्ञता बोलून दाखवावी, त्यांच्या अडीनडीला उभे राहावे आणि मुलाच्या प्रगतीचा हिशेब त्यांच्याकडे मागू नये. निर्णयाविषयीची शंका पती-पत्नींनी आपसांत किंवा समुपदेशकापाशी बोलावी.