शिकंजी प्यायला आणि अंगभर गांधी

प्रश्न : डॉक्टरबाई, नातू सहा वर्षांचा आहे. शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत त्यानं अर्धा ग्लास शिकंजी घेतली. गाडीपर्यंत येईतो अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला, मग दोनदा उलटी. घरी आल्यावर मी आमसुलाचं पाणी लावलं, मुलानं ॲलर्जीची गोळी दिली. सकाळी मागमूस नव्हता. सून म्हणते, दूध बाधलं. पण तो रोज दोनदा दूध पितो. हां, दिवाळीत काजूकतली मात्र ‘घशात टोचतं’ म्हणून थुंकून टाकली होती. दूध बंद करू, की थोडंथोडं देऊन सवय लावू?
– एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आजी, दुधावर आळ नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. दाट दूध आणि त्यात सुका मेवा. माझा संशय काजू-पिस्त्यावर आहे, आणि तुमच्या पत्रातलं मोलाचं वाक्य काजूकतलीचं. लहान मुलांना घशातली खाज सांगता येत नाही. ती टोचतं म्हणतात, जिभेवर केस आहे म्हणतात, आणि आपण नखरे समजतो. काजू सोसत नसेल तर बहुधा पिस्ताही सोसत नाही. तपासणी होईपर्यंत दोन्ही बंद. हॉटेलातली पांढरी ग्रेव्हीसुद्धा, तिच्यात काजूच वाटतात.

आता त्या रात्रीबद्दल. नुसत्या गांधी आहेत, मूल खेळतंय, तर गोळी देऊन लक्ष ठेवणं चालतं. पण खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांधींच्या जोडीला उलट्या, खोकला, घोगरा आवाज, छातीत सूं-सूं किंवा गिळायला त्रास सुरू झाला, मूल फिकं, मलूल पडलं, तर मामला कातडीपुरता राहिला नाही. मग आमसूल नको, गोळीची वाट बघणंही नको. 108 ला फोन आणि हॉस्पिटल. गोळीनं खाज थांबते. श्वासनळीची सूज आणि घसरणारा रक्तदाब तिच्या आवाक्यातले नाहीत. त्याला मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. तोवर त्याला आडवं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. धाप लागली तर बसू द्या, पण चालवू नका. कधीकधी गांधी उठतच नाहीत, थेट श्वासच अडतो, हे सूनबाईंनाही सांगा. इंजेक्शननंतर काही तास ठेवून घेतात, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. ‘आता हसतोय की’ म्हणत डिस्चार्जसाठी हुज्जत घालू नका.

थोडंथोडं देऊन सवय? घरी मुळीच नाही. तसे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. बालरोगतज्ज्ञांना हेच पत्र दाखवा आणि संशय असलेल्या पदार्थांचीच चाचणी करा. शंभर पदार्थांचं पॅनल नको; त्यात रोज पचणारे पदार्थही पॉझिटिव्ह निघतात आणि सुनेचं अर्धं स्वयंपाकघर बंद पडतं. चाचणी त्वचेवर टोचून होणार असेल तर आधी साधारण आठवडाभर ॲलर्जीची गोळी थांबवावी लागते. तारीख घेतानाच ते विचारून घ्या.