टेम्प्लॉटमध्ये दुहेरी स्लिप आखण्यापूर्वी

टेम्प्लॉट ही मॉडेल रेल्वेचे रूळमार्ग आखण्याची संगणक-प्रणाली. ती उघडताच आपण दुहेरी स्लिपची, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन मार्गांवर दोन्ही बाजूंनी मार्ग बदलू देणाऱ्या रचनेची, तयार आकृती शोधू लागलात, हे स्वाभाविक आहे. परंतु तयार तुकडे उचलून जोडण्याची ही प्रणाली नव्हे. येथे गुंतागुंतीचा सांधा (रूळ फुटतात वा छेदतात ती जागा) अनेक अर्धवट साचे (रुळांचे आराखडे) एकमेकांवर नेमके बसवून आणि नको असलेले रूळ वगळून घडवावा लागतो.

आरंभीच गेज (दोन रुळांमधील अंतर) निश्चित करावा. ब्रिटिश ४ मि.मी. प्रमाणात (एका फुटाला ४ मि.मी.) ओओ, ईएम आणि पी-फोर ही मानके आहेत; गेज ओओसाठी १६.५, ईएमसाठी १८.२ आणि पी-फोरसाठी १८.८३ मि.मी. असतो. तो मागाहून बदलला, तर क्रॉसिंगमधील (रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेतील) फटीही बदलतात आणि जुळवलेले सारे पुन्हा तपासावे लागते. मग आठवडाभर केवळ बी-६ सांधे काढावेत (कंटाळा येईल, तरीही). यातील 'बी' हा सरकत्या पात्यांचा प्रकार, तर ६ म्हणजे १:६ हा क्रॉसिंगचा कोन.

स्लिपचा पाया डायमंड, म्हणजे दोन मार्गांचा तिरका छेद, असतो. ब्रिटिश प्रथेत स्थिर डायमंड १:८ पेक्षा चपटा ठेवत नाहीत, कारण त्याहून लहान कोनात मधल्या के-क्रॉसिंगवरील (डायमंडच्या मधोमध असलेल्या बोथट कोनाच्या छेदावरील) फट ओलांडताना चाकाला चेक रेलचा (चाकाला मार्गावर ठेवणाऱ्या जादा रुळाचा) पुरेसा आधार मिळत नाही आणि तेथे सरकती टोके बसवावी लागतात. माझ्या मते पहिल्या प्रयत्नासाठी १:७ घ्यावा.

साचे एकमेकांवर आले की स्लीपरांची (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांची) गर्दी होते. ती हातानेच निस्तरावी: काही स्लीपर वगळावेत, काही लांबवावेत, काही तिरके करावेत. छापील कागदावरील गेज व्हर्नियर कॅलिपरने मोजल्याशिवाय रूळ कापू नयेत.