वाचकांचे प्रश्न : ज्ञानेश्वरीच्या दोन पोथ्या जुळेनात, खरी कुठली?

प्रश्न : सप्ताहात पारायणाला बसले तर माझ्या पोथीत आणि शेजारच्या ताईंच्या पोथीत फरक. कुठे शब्द वेगळा, कुठे ओवीचा नंबर एकाने पुढे, त्यामुळे व्यासपीठावरून नंबर सांगितला की मी भलत्याच ओवीवर. माझी पोथी चुकीची आहे का, बदलू का?

उत्तर : अहो ताई, बदलायची काही गरज नाही. हा घोळ छापखान्यांचा वाटतो खरा, पण तो छपाई यायच्या कितीतरी आधीचा आहे. माउलींनी नेवाशात गीतेच्या ७०० श्लोकांवर टीका सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९०. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं नुसत्या नकला, आणि हाताने नक्कल करणारा म्हटलं की एखादी ओळ गाळणार, जुना शब्द कळला नाही की ओळखीचा घालणार, कुणी तर भक्तीच्या भरात स्वतःची ओवीच घुसडणार. शेवटी शके १५०६ मध्ये (१५८४) नाथमहाराजांनी पाठ शुद्ध केला आणि बजावूनच ठेवलं, की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी! इतकं झणझणीत सांगूनही वाद मिटला नाहीच, १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी नाथांच्याही आधीची म्हणून वेगळीच प्रत छापली आणि अभ्यासकांची भांडणं पुन्हा सुरू.

तुम्ही एवढंच करा, सप्ताहात व्यासपीठ चालकांकडे जी प्रत असेल तीच घ्या, आणि बसायच्या आधी अध्यायांचे शेवटचे नंबर जुळवून बघा. बारावा छोटा आहे, २४७ ओव्यांचा, तिथून सुरुवात करा. अठराव्यात अठराशेच्या आसपास ओव्या, गडबड झाली तर तिथे जास्त जाणवते. घरी वाचायला मात्र ठसठशीत टाईपाची सार्थ प्रतच बरी, अर्थ न कळता नुसतं पान उलटण्यात मला तरी मजा वाटत नाही.

प्रश्न : तुकोबांच्या गाथेत नक्की अभंग किती?

उत्तर : कुठली गाथा यावर आहे. मुंबई सरकारने २४,००० रुपये देऊन पंडितांकडून जी तयार करून घेतली (पहिला भाग १८६९, दुसरा १८७३) तिच्यात साडेचार हजारांच्या वर आहेत, जोग महाराजांच्या गाथेत त्याहून कमी. तुकोबांचे अभंग टाळकऱ्यांच्या तोंडी आणि संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्यांत राहिले, त्यामुळे कुणाचा कुठे मिसळला हे सगळं सोडवणं अवघडच, तरी तुम्हाला कीर्तनाची तयारी करायची असेल तर जोग महाराजांचीच घ्या, वारकऱ्यांच्या फडांवर (भजन-कीर्तनाच्या मंडळींत) तिची सवय जास्त आहे.

प्रश्न : एकनाथी भागवत म्हणजे अख्खं भागवत ना?

उत्तर : नाही नाही, फक्त अकरावा स्कंध. पण त्याचेच ३१ अध्याय, अठरा हजारांवर ओव्या, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या साधारण दुप्पट. पहिले पाच अध्याय पैठणला झाले, बाकी काशीत, १५७३ ला पूर्ण. ज्ञानेश्वरी सात दिवसांत होते म्हणून हेही तसंच बसवायला जाऊ नका, घसा बसेल आणि डोक्यात काही शिरायचं नाही, रोज एक अध्याय धरला तर महिन्याभरात आरामात होतं.