‘सांजांव’मध्ये ‘सांज’ आहे का?

गोव्यात २४ जूनला ‘सांजांव’ हा ख्रिस्ती सण साजरा होतो. विहिरीतल्या उड्या आणि घुमट या वाद्याच्या तालावरची गाणी सांज होईपर्यंत चालतात, म्हणून हे नाव पडले का, असा प्रश्न आला आहे.

नाही. शब्द ‘सांज’ असा तोडू नये. ‘सां’ आणि ‘जांव’ असा फोडावा. ‘सां’ म्हणजे पोर्तुगीजमधला संत आणि ‘जांव’ (मूळ जुआंव) म्हणजे योहान. त्या भाषेतला शब्दाच्या शेवटचा नाकातला उच्चार आपल्याकडे ‘आव’ होऊन रुळला. पाव आणि लिलाव याच वाटेने आले. त्यांचा अनुस्वार मराठीत गळला, सांजांवात टिकला. मुंबईच्या सांताक्रूझमधला ‘सांता’ही याच कुळातला, फक्त तिथे संत नसून पवित्र क्रूस आहे.

हा योहान म्हणजे यार्देन नदीत लोकांना बाप्तिस्मा देणारा संदेष्टा. उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा, टोळ आणि रानमध यांवर राहणारा. भावाची बायको हेरोदिया हिच्याशी लग्न केल्याबद्दल त्याने हेरोद राजाला तोंडावर सुनावले आणि त्यापायी शिर गमावले. संतांचा सण बहुधा मृत्यूच्या दिवशी असतो. याचा मात्र जन्मही साजरा होतो, नाताळच्या सुमारे सहा महिने आधी, कारण लूकच्या शुभवर्तमानात मरीयेला येशूच्या जन्माविषयी देवदूताचा निरोप मिळतो तेव्हा योहानाची आई अलीशिबा हिला सहावा महिना असतो. पुढे मरीया भेटायला येते आणि अलीशिबेच्या पोटातले बाळ आनंदाने उडी मारते. विहिरीतल्या उडीचा अर्थ गोव्यातले भाविक हाच सांगतात, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. फेणी आणि पावसाच्या फोटोंत नेमके हेच हरवते.

नावाचीही कथा त्याच अध्यायात आहे. नातलगांना बाळाचे नाव बापावरून जखऱ्या ठेवायचे होते. आई योहान म्हणाली. मुका झालेल्या जखऱ्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले आणि त्याची वाचा परतली. हिब्रूत या नावाचा अर्थ ‘परमेश्वर कृपाळू आहे’. अरबीत हाच यह्या, इंग्रजीत जॉन.

लिहिताना सणाला ‘सांजांव’ लिहावे. संताविषयी लिहिताना नुसते ‘संत योहान’ पुरत नाही, कारण त्या नावाचा प्रेषितही आहे आणि त्याचा सण २७ डिसेंबरला येतो. मराठी बायबलमधले ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ हेच वापरावे.