दिराचं सगळं माझ्यावरच

प्रश्न: ताई, दिराला सेरेब्रल पाल्सी आहे, २४ वर्षांचा झालाय. सासूबाईंची कंबर गेल्यापासून उचलणं, आंघोळ, भरवणं सगळं मीच करते, माहेरी जाऊन वर्ष झालं आणि गावात म्हणतात घरीच तर असते. काही मदत मिळते का?

उत्तर: घरीच असते म्हणणाऱ्यांना एक दिवस त्याला आंघोळ घालायला बोलवा! बरं, आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मग तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या दरमहा मदतीचा अर्ज, आणि निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा बघा, त्यात वर्षाला १ लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, थेरपीसुद्धा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावाच लागतो, तो कुठे गेला हे ग्रामसभेत विचारा, व्हीलचेअर लेखी मागा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे पण तेवढ्यावर विसंबू नका.

आणि दीर तुमच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ आहे ना? मग उचलायचं काम त्यांनी करायचं, रोज. माहेरची तारीख आजच सांगून टाका, परवानगी मागत बसू नका.