यादीत नाव कुणाचं?

(आयुष्यभर आपत्ती मदतकार्यात राहिलेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : कॅथलिक चर्चच्या मदतसंस्था जगभर दिसतात. सगळं व्हॅटिकनच्या हुकमानं आणि पैशानं चालतं का?

नाही. चर्चच्या बहुतेक मदतसंस्थांचं ‘कॅरितास’ हे नाव एक, चुली वेगळ्या. पहिली कॅरितास १८९७ साली जर्मनीत लोरेन्झ वेर्थमान या धर्मगुरूंनी काढली. आंतरराष्ट्रीय महासंघ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५१ मध्ये उभा राहिला. आज त्यात दीडशेहून अधिक राष्ट्रीय संस्था आहेत आणि प्रत्येक संस्था आपापल्या देशातल्या बिशपांना बांधील आहे. म्हणून पोपचा हात नसतोच असं मात्र समजू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका आदेशानं महासंघाचे सगळे पदाधिकारी घरी बसवले आणि प्रशासक नेमला. पैशाची अफरातफर सापडली नव्हती, कारभार ढिसाळ होता.

पैसा येतो लोकांच्या देणग्यांतून, उपासकाळातल्या वर्गणीतून आणि सरकारांकडून. सरकारी पैशाची सवय वाईट. अमेरिकेतली कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस १९४३ पासूनची जुनी संस्था, पण २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं परदेशी मदतीला कात्री लावली तेव्हा तिलाही कार्यक्रम गुंडाळावे लागले, माणसं कमी करावी लागली.

प्रश्न : आडपडदा न ठेवता सांगा, मदतीच्या बदल्यात धर्म बदलायला लावतात का?

हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात, प्रत्येक रेल्वेप्रवासात कुणीतरी विचारतंच. आधी नियम सांगते. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ची आचारसंहिता आहे. कॅरितासचा महासंघ ती पुढे आणणाऱ्यांपैकीच एक. मदत गरज बघून द्यायची, वंश-धर्म बघून नाही, आणि तिच्या आडून धर्माचा किंवा राजकारणाचा प्रचार करायचा नाही, असं ती बजावते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या आपल्या परिपत्रकात सेवेला धर्मांतराचं साधन करू नका, असं लिहिलं. नियम मोडणारी माणसं सगळीकडे असतात, ती इथे नाहीत असं मी म्हणणार नाही.

पण मी जे वारंवार पाहिलं, ते निराळंच आहे. पक्षपात होतो तो यादी करताना, आणि बहुतेक वेळा करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळानं मोझांबिकमधल्या बेइरा शहराची आणि आसपासच्या गावांची दैना केली. त्या भागात कॅथलिक आहेत, इतर ख्रिस्ती पंथ आहेत, मुसलमान आहेत. तिथल्या एका गावी धर्मगुरूंनी रातोरात यादी करून दिली. माणूस सज्जन, स्वतःच्या घरावरचेही पत्रे उडालेले. पण त्यांना माहीत कोण? दर रविवारी समोर बसणारे. त्यांच्या वहीत नदीपलीकडची वस्ती जवळजवळ नव्हतीच.

अशा वेळी यादी गावासमोर मोठ्यानं वाचतात. आम्ही ती आंब्याच्या झाडाखाली वाचली, आधी पोर्तुगीजमध्ये, मग ‘सेना’ नावाच्या तिथल्या भाषेत. चार-सहा नावं झाली नाहीत तोच मागून एक बाई ओरडली, ‘त्याचं घर उभं आहे की!’ मग कुणी पलीकडच्या विधवांची नावं घेतली. तासभर हमरीतुमरी झाली, दोन म्हातारे रुसून निघून गेले. शेवटी जी यादी उरली, तिच्यावर ताडपत्री, दोर, बादली आणि साबण वाटला. सही नाहीतर अंगठा, आणि बाजूच्या टेबलावर तक्रारीची वही. तिथं बसणारा माणूस वाटप करणाऱ्यांतला नसावा, यावर मी हटून बसते.

तरीही चर्चच्या माणसांशिवाय हे काम अवघड झालं असतं. रस्ते वाहून गेलेले असताना त्या गावात आधीपासून राहणारा, वाटा ठाऊक असलेला आणि आम्ही निघून गेल्यावरही तिथंच राहणारा तो धर्मगुरूच होता. त्याची वही घ्यायची, फक्त तीच शेवटची मानायची नाही.

प्रश्न : मदतीमुळे युद्ध लांबतं, हे खरं आहे का?

कधी कधी, हो. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांताचं युद्ध (१९६७-७०) बघा. नाकेबंदीत मुलं उपासमारीनं मरत होती. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संस्थांनी मिळून साओ तोमे बेटावरून रात्रीची विमानं सोडली, पाच हजारांहून अधिक फेऱ्या. बियाफ्रातल्या उली इथं रुंद केलेल्या रस्त्याचीच धावपट्टी होती; बॉम्बच्या भीतीनं दिवे उतरण्यापुरतेच लागत. काही विमानं कोसळली, वैमानिक गेले. पण त्याच धावपट्टीवर शस्त्रांची विमानंही उतरत आणि उतरण्याच्या शुल्कातून बियाफ्राच्या सरकारला परकीय चलन मिळे. टीकाकारांचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. ती विमानं पाठवायला नको होती, असंही माझ्या तोंडून निघत नाही.

प्रश्न : आमच्याकडे चांगले वापरलेले कपडे आहेत. कुठे पाठवू?

कुठेच नको. बंदरात कंटेनर अडकतात, जकातीचे कागद जुळत नाहीत, आणि निवडून वेगळे करायला जी माणसं लागतात ती पाणी वाटत असतात. पैसे पाठवा, थोडे असले तरी चालतील. त्यातून तिथल्याच बाजारात खरेदी होते आणि तिथला दुकानदारही उभा राहतो.